ज्यूरी बसेपर्यंत

डेप्युटी मार्सी बेंडरची गाडी सकाळी बँकेसमोर येऊन थांबली, की विलर्डचा मुख्य रस्ता बघता बघता ओस पडतो. चोर-दरोडेखोर पळतात असं नाही. तसले लोक गावात फारसे नाहीतच. पळतात ती भली माणसं. खटल्याचा निकाल द्यायला बसणाऱ्या ज्यूरीत माणसं कमी पडली की न्यायाधीश शेरीफच्या माणसांना सांगतात, रस्त्यावर जा आणि भेटतील त्यांना घेऊन या. मग मार्सी समन्सांचे कागद घेऊन निघते, आणि ज्याच्या हातात कागद पडला तो अडकला. एरवी तिला हात करणारी माणसं त्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांच्या कप्प्यामागे वाकून उभी असतात. मागे एकदा खुद्द पाद्रीबाबा न्हाव्याच्या मागच्या दाराने निसटले होते, तेही अर्ध्या दाढीनिशी.

त्या मार्चमध्ये ज्यूरी कमी पडणारच होती. खटला लावला होता ऐन गाई विण्याच्या हंगामात. हा शहाणपणा नव्या सरकारी वकिलाचा. डेव्हिन लार्क त्याचं नाव, शहरातून आलेला, हुशार आणि मन लावून काम करणारा; पण मार्चमध्ये गाई वितात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. सोमवारी सकाळी बोलावलेली माणसं एकेक करून उठली आणि न्यायाधीश प्रुइटसाहेबांना आपापल्या गोठ्याची कहाणी सांगू लागली. कुणाची पहिलारू कालवड अडली होती, कुणाच्या घरी रात्रभर जागायला दुसरं माणूस नव्हतं. प्रुइटसाहेबांची स्वतःची गुरं आहेत. त्यामुळे खऱ्याला ते लगेच सोडत होते आणि खोट्याला लगेच पकडत होते. "हॅरल्ड, तुझी गुरं तू शरदातच विकलीस. त्यातली काही मीच घेतली. बस खाली."

बसले ते थोडे. त्यातले काही आरोपीचे चुलत-मावस निघाले आणि काही फिर्यादीचे. आरोपी कोडी राईस, एकोणीस वर्षांचा पोरगा. शेजाऱ्याची गवताची गंजी त्याने पेटवली असा त्याच्यावर आरोप होता. अशा काउंटीत गंजी कुणाचीही जळो, अर्धं गाव इकडचं आणि अर्धं तिकडचं असतं. दहा वाजायच्या आत न्यायाधीशांनी मार्सीला रस्त्यावर धाडलं.

तेव्हा लाइल हॉवलंड जिनीव्हाच्या खानावळीत नाश्ता करत होता. काउंटरचं शेवटचं, स्वयंपाकघराला चिकटलेलं स्टूल त्याचं. समोर मऊ गरम बिस्किटं आणि त्यांच्यावर ओतलेली सॉसेजची पांढरी ग्रेव्ही. पंचक्रोशीतले पाण्याचे पंप तो दुरुस्त करायचा. काम चोख, बोलणं कमी. मार्सी दारातून आत आली तशी मागच्या टेबलावरचे दोघे शौचालयाकडे निघाले. तिने त्यांना दाराशीच गाठलं.

"दोघं एकदम? काही दुखतंय का?" असं म्हणत तिने दोघांच्या हातात कागद दिले. मग खिडकीजवळच्या बाईला दिला, टोपी डोळ्यांवर ओढून झोपल्याचं सोंग करणाऱ्या ट्रकवाल्याच्या खांद्यावर टिचकी मारून त्यालाही दिला. फिरत फिरत ती काउंटरशी आली, लाइलकडे तिने पाहिलं, आणि हातातला कागद हळूच मागे घेतला.

"तुम्ही खा, लाइल," ती मऊ आवाजात म्हणाली.

मार्सी मनाने चांगली होती, आणि तेच लाइलला जास्त लागलं. फटकारलं असतं तर चाललं असतं. त्याने मान खाली घातली आणि बिस्किटाचा तुकडा उगाच ग्रेव्हीत फिरवत राहिला.

त्याचं कारण गावातल्या जुन्या माणसांना पाठ होतं. तेविशीत असताना लाइलने एका मित्राबरोबर शेजारच्या कुरणातली वासरं ट्रकमध्ये घालून दूरच्या बाजारात विकली होती. या मुलखात वासरं चोरण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. पिऊन कुणाच्या कुंपणात गाडी घातली असती, तर लोकांनी वर्षभर हसून सोडून दिलं असतं. वासरांचं तसं नसतं. लाइल तीन वर्षं तुरुंगात राहून आला, गावातच राहिला, आईला शेवटपर्यंत सांभाळलं आणि पंपांचं काम शिकला. पण कोर्टाच्या इमारतीची पायरी तो पुन्हा चढला नाही. गाडीचा कर भरायची खिडकी त्याच इमारतीत आहे. लाइल दरवर्षी तो टपालाने भरायचा. मतदानाला जायचा नाही. गेलोच तर कुणीतरी हळू आवाजात "तुम्ही राहू द्या" म्हणेल, याची त्याला धास्ती होती. आज ते वाक्य त्याला बसल्या जागी ऐकावं लागलं.

"त्याला का नाही?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिनीव्हा टटलने विचारलं.

जिनीव्हा म्हातारीने पंच्याहत्तरी ओलांडली होती. त्या वयाला मागेल त्याला ज्यूरीतून सूट मिळते, म्हणून मार्सीच्या कागदांची भीती न बाळगणारी खानावळीत ती एकटीच होती.

"जिनीव्हा, तुम्हाला माहितीये ना," मार्सी चाचरत म्हणाली.

"मला माहिती नसेल तर कुणाला असेल? उभं राहून वाचलं मीच."

लाइलच्या खटल्यात ज्यूरीची प्रमुख जिनीव्हा होती. 'दोषी' हा शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकला होता. तुरुंगातून सुटून तो पहिल्यांदा या स्टुलावर बसला, तेव्हा तिने काही न विचारता कप समोर ठेवून कॉफी ओतली होती. तेव्हापासून आजपर्यंत दोघांनी हवापाण्याच्या आणि गुडघेदुखीच्या गप्पा पोटभर मारल्या, पण तो विषय कधी काढला नाही.

"पण कायद्यात बसत नाही ना ते," मार्सी म्हणाली.

"कायदा बघायला तिकडे एक माणूस काळा झगा घालून बसलाय. तुझं काम माणसं न्यायचं. न्यायाधीशांनी तुला निवडून आण म्हणून सांगितलंय का?"

"तसं नाही सांगितलं."

"मग दे कागद."

मार्सीने कागद दिला. लाइल स्टुलावरून उठला आणि कानापर्यंत लाल झाला. "एक वाक्य बोलायचंय फक्त. ग्रेव्ही गार व्हायच्या आत परत येतो," तो जिनीव्हाला म्हणाला.

"ताट झाकून ठेवते," जिनीव्हा म्हणाली.

रस्ता ओलांडून जाताना लाइलने ते वाक्य मनात घोळवलं. मी गुन्हेगार आहे, मला बसता येत नाही. छोटंच वाक्य होतं. आत जाऊन तेवढं बोलायचं आणि सगळ्यांच्या देखत परत यायचं. जिनीव्हाने हे का केलं, याचा त्याला राग येत होता. इतकी वर्षं कुणी तोंडावर न काढलेली गोष्ट आता भर कोर्टात उघडायची होती, आणि त्यातून हाती काही लागणार नव्हतं.

कोर्टाची खोली बदलली नव्हती. तोच पिवळा रंग, तीच खिडकी आणि खिडकीबाहेर तोच धान्याच्या कोठाराचा उंच मनोरा. तेव्हा तो बसला होता त्या खुर्चीवर आता कोडी राईस बसला होता, कुणाचा तरी मोठा कोट घालून. लाइल अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ बसला.

प्रुइटसाहेबांनी नव्या माणसांना शपथ दिली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. काउंटीत राहता का, इंग्रजी समजतं का, आरोपीशी नातं आहे का. मग विचारलं, "कुणाला असं वाटतं का, की आपल्याला ज्यूरीत बसता येणार नाही?"

लाइल उभा राहिला. "मी, जजसाहेब. मला शिक्षा झालीये. गुरं चोरल्याबद्दल." वाक्य ठरवलं होतं त्याहून लांबलं. "याच खोलीत."

पुढच्या बाकावरच्या दोन पोरी मागे वळून बघू लागल्या. पंपवाल्या हॉवलंडकाकांनी गुरं चोरली होती, हे त्यांना आज कळत होतं.

"शिक्षा पुरी कधी झाली?" प्रुइटसाहेबांनी विचारलं.

"वीस वर्षं उलटून गेली."

प्रुइटसाहेबांनी टेबलावरचं जाड पुस्तक ओढलं, चष्मा वर केला, पानं उलटली. लाइल टोपी हातात धरून उभाच होता. ते नुसतं 'जा' का म्हणत नाहीत, हे त्याला कळेना.

"मिस्टर हॉवलंड," शेवटी ते म्हणाले, "शिक्षा संपून पंधरा वर्षं झाली की आपल्या राज्यात ज्यूरीत बसता येतं. तुम्हाला बसता येतंय त्याला बरीच वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही, साहेब." मग खोटं नको म्हणून त्याने पुढे जोडलं, "मीही विचारलं नाही."

भिंतीशी उभी असलेली मार्सी खाली बघत होती. तिलाही ते ठाऊक नव्हतं, गावात कुणालाच नव्हतं. इतकी वर्षं दार नुसतं लोटलेलं होतं आणि लाइल कुलूप समजून लांबून वळसा घालत होता.

"आता दुसरा प्रश्न," प्रुइटसाहेब म्हणाले. "तीन दिवस तरी लागतील. तुमची फार अडचण होणार असेल तर सांगा, मी सोडून देईन."

हे मात्र खरोखरच उघडं दार होतं. सकाळपासून निम्मं गाव त्यातून बाहेर गेलं होतं. लाइलकडे सांगण्यासारखं होतंही. उद्या उत्तरेकडच्या एका कुरणावर पंप बसवायचा होता, आणि तो बसेपर्यंत ते लोक टाकीतलं पाणी वापरणार होते. पंपाचं नाव काढलं असतं तर साहेबांनी मान हलवली असती, मार्सीने दार धरलं असतं आणि ग्रेव्ही अजून कोमट मिळाली असती. लाइलने समोर पाहिलं. ज्यूरीच्या चौकटीत बारा खुर्च्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. त्याला एकदम जाणवलं की आपल्याला जायचं नाहीये. इतकं साधं काहीतरी हवंसं वाटण्याची त्याला सवय राहिली नव्हती.

"अडचण नाही, साहेब," तो म्हणाला. "माझ्याकडे वासरं नाहीत."

कुठेतरी मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आपण काय बोललो ते लाइलच्या ध्यानात आलं. त्याने टोपीत तोंड लपवलं, आणि टोपीआडून तोही हसला. प्रुइटसाहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते. त्या काउंटीत वासरांच्या चोरीवर तेव्हा पहिल्यांदा हसण्यात आलं, आणि हसणाऱ्यांत चोरही होता.

विलर्डला नावांच्या चिठ्ठ्या कॉफीच्या जुन्या डब्यातून काढतात. कारकूनबाईने डबा खुळखुळवला आणि एकेक नाव घेतलं. लाइलचं नाव अगदी शेवटी निघालं. तो चौकटीत चढला, मागच्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीवर बसला. मग वकिलांचे प्रश्न सुरू झाले, आणि सगळ्यांना माहीत होतं की ते कुणापाशी येऊन थांबणार.

डेव्हिन लार्क उठला. सरकारी वकील म्हणून त्याला धास्ती होती, की हा माणूस पोराची कड घेईल. "मिस्टर हॉवलंड, तुम्हीही एकदा त्या खुर्चीवर बसला होता," त्याने कोडीकडे हात केला. "तुमच्याविरुद्ध ज्यूरीने निकाल दिला. त्याबद्दल मनात काय आहे?"

"बरोबर होता तो निकाल. वासरं मीच नेली होती," लाइल म्हणाला.

लार्कच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिकडे आरोपीची वकील, नोरा विन्स्लो नावाची उंच बाई, हातातलं पेन थांबवून बघू लागली. आता तिला धास्ती वाटायला लागली होती.

ती उठली. "मग ज्यूरी नेहमी बरोबरच असते, असं तुम्हाला वाटतं?"

"नाही, बाई. मला त्यांचं एकच खटकलं." हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. "ऐन जेवणाच्या वेळी ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. आत पाठवलेल्या जेवणात पीचची पाई होती म्हणे. गाव अजून सांगतं, पाई संपायला जेवढा वेळ लागला तेवढाच माझ्या निकालाला लागला. मी दोषी होतो, ते ठीकच. पण ते माझ्यासाठी थोडे जास्त बसले असते तर बरं वाटलं असतं."

"आणि तुम्ही? तुम्ही किती वेळ बसाल?"

"लागेल तेवढा. याने गंजी पेटवली असेल तर तसं म्हणेन, नसेल तर तसं. पण पोट भरलं म्हणून उठणार नाही."

बोलता बोलता त्याची नजर मागच्या बाकावर गेली. दाराजवळ, मघाशी तो बसला होता तिथेच, जिनीव्हा बसली होती. ॲप्रनवरच कोट चढवून आलेली, मांडीवर कागदात गुंडाळलेलं ताट. कधी आली होती कोण जाणे. तिने पाईचं सगळं ऐकलं असावं, कारण ती मान खाली घालून ताटाच्या कडा दाबत बसली होती. लाइलला आपली जीभ चावावीशी वाटली.

त्यानंतरचं काम मुक्याने चालतं. कुणाला वगळायचं ते दोन्ही वकील तोंडाने बोलत नाहीत. एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो, आणि आलटून पालटून एकेक नावावर काट मारली जाते. कारण सांगावं लागत नाही. कागद तीनदा गेला, तीनदा आला. एका बँकवाल्याला उतरायला सांगितलं. खानावळीत खिडकीजवळ बसलेल्या त्या बाईलाही सांगितलं, आणि तीच मघापासून सुटकेसाठी मनातल्या मनात प्रार्थना करत होती, पण नाव वगळल्यावर मात्र तिचं तोंड पडलं. त्यांच्या जागी डब्यातून दुसरी नावं निघाली. लाइलने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. तासाभरापूर्वी त्याला हाकललं असतं तर तो नुसता लाजून गेला असता. आता हाकललं तर दुखणार होतं.

कागद चौथ्यांदा लार्ककडे आला. त्याने बराच वेळ पेन हातात धरलं, लाइलकडे पाहिलं, आणि पेन टेबलावर ठेवलं. नोरा विन्स्लोने कागद नुसता परत सरकवला.

"हीच आपली ज्यूरी," प्रुइटसाहेब म्हणाले. बाराजणांनी उजवा हात वर करून शपथ घेतली आणि जेवणाची सुट्टी झाली.

ज्यूरीने सुट्टीत बाहेरच्यांशी बोलायचं नसतं. पण जिनीव्हा बोळात उभी होती आणि तिच्या हातात ताट होतं. "खटल्याचं एक अक्षरही नाही," मार्सीने बजावलं आणि पाठ फिरवून नोटिसांचा फळा वाचत उभी राहिली. तो तिने आजवर कधी वाचला नसेल.

"गार झालंय," जिनीव्हा म्हणाली.

"चालेल. मघाशी तुम्ही आत आहात हे मला माहीत नव्हतं, जिनीव्हा. नाहीतर मी पाईचं..."

"बोललास ते बरं केलंस. आता माझं ऐक. पाई आम्ही खाल्लीच नाही. तशीच परत गेली ती. आत गेल्या गेल्या सगळ्यांचं एकमत होतं, पण तो शब्द उच्चारायला कुणी तयार नव्हतं. तुझ्या वयाची पोरं होती आमच्याही घरी." ती भिंतीजवळच्या लाकडी बाकाकडे बघत होती. "तुझी आई इथे बसली होती, या बाकावर. दार उघडं राहिलं की ती दिसायची. हातमोजे काढायची आणि परत घालायची. मी म्हटलं, ठरलंच आहे तर त्या बाईला आणखी वाट बघायला लावू नका. म्हणून लवकर आलो."

तोही त्या बाकाकडे बघत राहिला.

"हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं," जिनीव्हा म्हणाली. "दर सकाळी कॉफी ओतताना वाटायचं, आज सांगू. मग तू म्हणायचास, थंडी फार आहे. मग मीही म्हणायची, हो बाबा, फार आहे."

लाइलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसायची घाई केली नाही. बोळातच उभ्या उभ्या त्याने ते गार झालेलं बिस्किट खाल्लं. ग्रेव्ही थिजली होती. त्याने ताट पुसून संपवलं.

सुट्टीनंतर मार्सीने बाराजणांना आतल्या खोलीत रांगेत उभं केलं. लाइल सगळ्यात शेवटी. तिने दार उघडलं आणि तिचा आवाज खोलीभर घुमला. "उभे रहा. ज्यूरी येत आहे."

लाइलने तो आवाज ऐकला आणि पाय आपोआप ताठ झाले. हे शब्द त्याला माहीत होते. तेव्हा ते ऐकून तो उठला होता, वकिलाने कोपराला धरून उठवलं होतं. आता तो आत पाऊल टाकत होता आणि समोर अख्खी खोली उभी होती. डेव्हिन लार्क कोटाची गुंडी लावत उभा होता. नोरा विन्स्लो उभी होती, मोठ्या कोटातला कोडी उभा होता, काळ्या झग्यातले प्रुइटसाहेबही उभे होते. आणि मागे, पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून, दुखऱ्या गुडघ्यावर जिनीव्हा टटल उभी होती.

बाकीचे अकराजण बसले. लाइल आपल्या खुर्चीपर्यंत पोचला आणि तिच्यासमोर उभा राहिला. या खोलीत तो नेहमी इतरांच्या बसण्याची वाट बघत आला होता. आताही तो तेच करत होता. खोलीतही कुणी हललं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो सगळ्यांकडे.

"मिस्टर हॉवलंड," प्रुइटसाहेब हळूच म्हणाले, "ज्यूरी बसेपर्यंत आम्हाला कुणालाच बसता येत नाही. आणि जिनीव्हाचा गुडघा दुखतोय."

लाइल बसला. मग सगळे बसले.